मांसाहार सोडावा का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आषाढ संपत आला की दोन तऱ्हेची माणसं मला प्रश्न पाठवायला लागतात. एक, आखाडाचं शेवटचं मटण चापून ‘आता कायमचंच सोडू का?’ म्हणणारी. दुसरी, घरातल्या कुणीतरी सोडल्यामुळे उद्या डब्याला काय द्यायचं या काळजीतली. मी आहारसल्ल्याचं काम करते. माहेर मालवणजवळ. मटण-कोंबडी सोडून मला सात वर्षं झाली, मासे त्यानंतर दोन वर्षांनी सुटले. म्हणजे पुढची काही उत्तरं कामातली आहेत, काही माझ्याच ताटातली.

१. शाकाहारी म्हणजे नक्की काय? अंडं चालतं का?

आपल्याकडच्या खाद्य नियमांत अंडं मांसाहारात मोडतं. दूध, दुधाचे पदार्थ आणि मध मोडत नाहीत. पाकिटावर हिरव्या चौकटीत हिरवा गोल असेल तर आतला माल शाकाहारी. तपकिरी चौकटीत तपकिरी त्रिकोण असेल तर मांसाहारी. आधी तिथेही गोलच असायचा, पण रंगांध माणसाला दोन्ही सारखेच दिसत, म्हणून आता आकारही वेगळा आहे.

घराघरातली व्याख्या मात्र नियमाला विचारून ठरत नाही. जैन घरात कांदा-बटाटाही नाही. माळकऱ्याच्या घरात मांस-मच्छीबरोबर दारूही नाही. गोव्यात ‘आज शिवराक’ म्हटलं की त्या दिवसापुरता मासा नाही, उद्याचं उद्या. आणि केकमधलं अंडं चालणारी पण ऑम्लेट न चालणारी माणसं तर प्रत्येक इमारतीत सापडतात. तुमची व्याख्या तुम्ही ठरवा, फक्त ती घरच्यांना एकदा स्पष्ट सांगा.

२. सोडावं की नाही तेच कळत नाहीये. ठरवायचं कसं?

कागदावर एक ओळ लिहा: ‘मला सोडायचंय, कारण…’ पुढे तीन कारणं आली तर त्यातलं एक ठेवा, जे बाकीची दोन खोडली तरी उरेल.

मी हे आधी करायला लावते, कारण पुढचे सगळे अवघड प्रश्न याच ओळीवर सुटतात. कारण तब्येत असेल, तर महिन्यातून दोनदा बांगडा खाल्ल्याने काही बिघडत नाही. ‘कमी करणं’ हेच तुमचं उत्तर असू शकतं. कारण प्राण्यांचे हाल असेल, तर अंड्याचा आणि दुधाचाही विचार करावा लागेल (प्रश्न १२). कारण माळ असेल, तर तिथे घासाघीस नाही. आणि कारण ‘घरचे म्हणतात म्हणून’ असेल, तर आधी प्रश्न ९ वाचा.

माझं कारण फार थोर नव्हतं. रविवारी सकाळी कोंबडीच्या दुकानासमोर रांगेत उभी होते. खुराड्यातली एक कोंबडी माझ्याकडे बघत होती असं मला वाटलं. ती कदाचित कुठेच बघत नसेल. पण मी रांगेतून बाहेर पडले ती पडलेच.

३. शाकाहार तब्येतीला चांगलाच असतो ना?

कुठला शाकाहार? वडापाव शाकाहारी आहे, साबुदाणा वडा शाकाहारी आहे, गुलाबजामही शाकाहारी आहे. मांस गेलं आणि त्याच्या जागी बटाटा, मैदा, साखर आली तर साखर वाढते, पोट सुटतं आणि माणूस म्हणतो, ‘मी तर शुद्ध शाकाहारी, मग मला मधुमेह कसा?’

मांसाविषयी ठाम सांगता येतं ते एवढं: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये सॉसेज, सलामी, बेकनसारखं प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या गोष्टींच्या यादीत टाकलं, आणि मटणासारखं लाल मांस ‘बहुधा कारणीभूत’ या गटात. कोंबडी आणि मासे त्या यादीत नाहीत. तेव्हा आठवड्यातून एकदा घरचं मटण खाणारा माणूस रोज सलामी सँडविच खाणाऱ्याच्या पंक्तीत बसत नाही.

४. प्रथिनं कुठून मिळणार? जिमचे सर म्हणतात चिकनशिवाय जमणार नाही.

हिशेबच करू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये दिलेलं प्रमाण प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे. आपलं जेवण मुख्यतः धान्याचं, त्यातली प्रथिनं थोडी कमी कसाची, म्हणून मी किलोला १ ग्रॅम धरते. ५५ किलोच्या बाईला ५५ ग्रॅम.

आता ताट. तीन ज्वारीच्या भाकऱ्या, साधारण १५ ग्रॅम. दोन वाट्या दाट वरण किंवा आमटी (वाटीला ३० ग्रॅम कोरडी डाळ धरून), १३ ग्रॅम. एक वाटी मटकीची उसळ, ६-७. दूध-दही मिळून ३०० मिली, ९-१०. मूठभर शेंगदाणे, ७. झाले पन्नासच्या वर. उरलेले भाजी, पोहे, भात यांत निघतात.

घोटाळा होतो तो ‘दाट’ या शब्दात. बहुतेक घरांत आमटीची वाटी म्हणजे पिवळं पाणी असतं आणि उसळ आठवड्यातून एकदा. ज्या घरात रविवारी कोंबडी व्हायची तिथे ती गेली आणि जागेवर बटाट्याची भाजी आली, तर सर बरोबर आहेत. व्यायाम करणाऱ्याला अर्थात जास्त लागतं. त्याने सोयावडी (१०० ग्रॅम कोरड्या वडीत सुमारे ५० ग्रॅम प्रथिनं), भिजवलेले चणे आणि पनीर यांच्याशी मैत्री करावी. डाळ आणि धान्य एकाच घासात हवंच असं नाही. दिवसभरात दोन्ही पोटात गेलं म्हणजे झालं.

५. बी१२ जीवनसत्त्वाची एवढी भीती का घालतात? आमचे आजोबा आयुष्यभर शाकाहारी होते.

कारण भीती रास्त आहे. हे उत्तर लांब आहे, आणि या पानावरचं एकच वाचायचं असेल तर हे वाचा.

बी१२ जीवाणू बनवतात आणि आपल्याला ते प्राणिजन्य पदार्थांतून मिळतं. भाजीत, डाळीत, धान्यात ते नसतं. दुधात असतं, पण १०० मिलीला अर्ध्या मायक्रोग्रॅमच्या आसपास. दिवसाची गरज २ मायक्रोग्रॅमहून थोडी जास्त. म्हणजे रोज अर्धा लिटर दूध-दही. दोन कप चहात जेवढं दूध पडतं त्यात हे भागत नाही. इडलीच्या आंबवण्यात ते पुरेसं तयार होत नाही. स्पिरुलिनात जे सापडतं ते दिसायला बी१२ सारखं, पण शरीराला निरुपयोगी.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये पुणे आणि आसपासच्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ६७ टक्के जणांचं बी१२ कमी निघालं. लक्षात घ्या, यात मांसाहार करणारेही होते, कारण महिन्यातून दोनदा मटण म्हणजे फार मांसाहार नव्हे. पण शाकाहाऱ्यांत कमतरतेचा धोका कितीतरी पटींनी जास्त होता.

फसवणूक अशी की यकृतात साठा असतो. मांस सोडल्यावर दोन-तीन वर्षं, कधी त्याहून जास्त, काहीच होत नाही. माणूस म्हणतो, ‘बघा, मला काही झालं नाही.’ मग तळपायांना मुंग्या येतात, जीभ लाल आणि गुळगुळीत होते, दम लागतो, विसरायला होतं. हे सगळं वयावर ढकललं जातं. आजोबांचंही बहुधा वयावरच ढकललं असेल, त्यांची तपासणी कुणी केली होती?

करायचं काय: सोडतानाच एकदा रक्तातलं बी१२ तपासून घ्या आणि डॉक्टरांना विचारून गोळी सुरू करा. मात्रा त्यांनी ठरवावी. गोळी स्वस्त असते. नुसती फॉलिक ॲसिडची गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नका. तिने रक्तक्षय सुधारल्यासारखा दिसतो आणि बी१२ अभावी मज्जातंतूंचं नुकसान आतल्या आत चालू राहतं.

६. लोह आणि कॅल्शियमचं काय? माशातलं ते चांगलं तेल?

लोह भाज्या-धान्यांत आहे, पण मटणातल्या लोहापेक्षा ते कमी शोषलं जातं. त्यावर आपल्या स्वयंपाकघरात उपाय आहेत: उसळीवर लिंबू पिळा, कडधान्याला मोड आणा, जेवणाला लागून चहा घेऊ नका, तासभर थांबा. बाजरी आणि अळीव ठेवा. ज्यांची पाळी चालू आहे त्या बायकांनी हिमोग्लोबिन वर्षातून एकदा बघावंच.

कॅल्शियमला नाचणी (१०० ग्रॅमला सुमारे ३५० मिलिग्रॅम), तीळ आणि दूध. माशातल्या ओमेगा-३ ला तोडीस तोड पर्याय जवस नाही. त्यातलं फार थोडं माशातल्या प्रकारात बदलतं. तरी जवसाची चटणी रोज चमचाभर खा. ज्यांना नेमकं तेच हवं त्यांच्यासाठी समुद्री शेवाळापासून काढलेल्या तेलाच्या कॅप्सूल मिळतात.

७. एकदम सोडू की हळूहळू?

आपल्याकडे सरावाची सोय पंचांगातच आहे. श्रावण पाळा. गणपती होईपर्यंत तो आपोआप लांबतो. जमलं तर नवरात्र गाठा. दोन-सव्वादोन महिने झाले की तुम्हाला कळेल की तुम्ही दिवस मोजताय की नाही. मोजत असाल तर कायमचं सोडायची घाई नको.

किनारपट्टीवरच्यांना १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते तो काळही सोयीचा. ताजं नसतंच, मग सुकटीवरचं मन काढायचं एवढंच उरतं. आधी जे कमी आवडतं ते सोडा. मी मासे शेवटी ठेवले, म्हणून टिकले.

८. सोडलंय, पण चव आठवते. विशेषतः बुधवारी आणि रविवारी.

आठवणारच. बहुतेकांना मांस कमी आणि वाटप जास्त आठवतं: भाजलेलं खोबरं, कांदा, तिरफळ, गरम मसाला, आणि शेजारी सोलकढी. ते सोडायची गरजच नाही.

मालवणी मसाल्यातली काळ्या वाटाण्याची आमटी आणि कोंबडीवड्याचेच वडे करून बघा. आमच्याकडे कोंबडी असतानाही आजी ही आमटी वेगळी मागायची. सुरणाचे किंवा नीरफणसाचे काप कोकमाच्या आगळात मुरवून, तिखट-हळद लावून, रवा-तांदळाच्या पिठीत घोळवून तव्यावर टाका. तो आवाज आणि वास सुरमईचाच. ओल्या काजूची उसळ फाल्गुन-चैत्रात. पावसात अळंबी मिळाली तर सुकं करा.

घाटावर जा. जुन्नर-नगरकडची मासवडी नावातच मासा घेऊन आली आहे: बेसनाच्या पारीत तीळ-खोबऱ्याचं सारण, माशासारखा आकार आणि बरोबर जाळ रस्सा. सांगली-कोल्हापूरचा अख्खा मसूर, खानदेशातली शेवभाजी, विदर्भातला पाटवडी रस्सा. ही सगळी झणझणीत रश्श्याची तलफ भागवणारी खाणी आहेत. सोयाच्या तयार ‘चिकन’पेक्षा मला ती कधीही बरी वाटतात. पण हे माझं मत, आवडत असेल तर खुशाल खा.

९. लग्न ठरतंय. सासर शाकाहारी आहे, ‘सोडशील ना?’ विचारतात. काय सांगू?

हा प्रश्न मुलीच पाठवतात. ‘बायकोसाठी सोडू का?’ असं विचारणारा मुलगा मला आजवर एकच भेटला.

घरात शिजवायचं नाही आणि तुम्ही खायचं नाही, या दोन वेगळ्या मागण्या आहेत. पहिली घराची रीत आहे, ती बहुतेक जणी मान्य करतात. दुसरीत माहेरी गेल्यावर आईच्या हातचं खायलाही बंदी येते. नेमकं कुठलं अपेक्षित आहे ते लग्नाआधी, मुलाच्या तोंडून, स्पष्ट ऐका. ‘बघू पुढे’ हे उत्तर घेऊ नका. आणि तुम्हाला मनापासून सोडायचं असेल तर त्यांच्यासाठी सोडतेय असं म्हणू नका, नाहीतर पुढे प्रत्येक भांडणात तो बांगडा ताटात येतो.

१०. मी एकटाच सोडतोय, घरात बाकी सगळे खातात. वेगळी भांडी ठेवू का?

कारण धार्मिक असेल तर ठेवा. तवा, कढई, पळी एवढं पुरे. नसेल तर नीट घासलेलं भांडं चालतं. खरी अडचण भांड्यांची नसून स्वयंपाक करणाऱ्याच्या वेळेची असते. तुम्ही सोडलंत म्हणून बायकोने किंवा आईने रविवारी दुसरी भाजी टाकायची असं होणार असेल, तर ती भाजी तुम्ही टाका. आणि ताटावर बसून इतरांना ‘हे कसं खाता तुम्ही’ म्हणू नका. महाराष्ट्रात खाण्यावरून घर भाड्याने नाकारलं जातं, जात विचारली जाते. त्या बाजूला आपलं वजन पडू नये एवढं तरी बघावं.

११. मुलांचं, गरोदरपणाचं आणि औषधं चालू असलेल्यांचं काय?

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईने हा बदल डॉक्टरांना सांगूनच करावा आणि बी१२ आधी तपासावं (प्रश्न ५). आईत ते फार कमी असेल तर दुधातून बाळालाही मिळत नाही. अशी बाळं मागे पडतात, हातपाय थरथरतात. हे पुस्तकी नाही, आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांना ही बाळं दिसतात. वाढत्या मुलाला अंडं आवडत असेल तर आईवडिलांच्या निर्णयात ते ओढू नका. मोठं होऊन ठरवेल.

मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी विशेष लक्ष द्या: त्या गोळीनेच बी१२ कमी शोषलं जातं, वर मांसाहार सुटला तर दुहेरी घट. थायरॉइडची गोळी आणि सोया किंवा कॅल्शियम यांत काही तासांचं अंतर हवं. रक्त पातळ होण्यासाठी वॉर्फरिन चालू असेल तर पालेभाजी अचानक दुप्पट करू नका. किडनीचा आजार असेल तर प्रश्न ४ चा हिशेब तुमच्यासाठी नाही, तो तुमचे डॉक्टर मांडतील.

१२. पर्यावरणासाठी सोडलं. आता चिकनऐवजी पनीर खातो. ठीक ना?

इथे गंमत आहे. जोसेफ पुअर आणि थॉमस नेमेचेक या संशोधकांनी २०१८ मध्ये जगभरातल्या शेतांची आकडेवारी एकत्र करून मांडली. त्यात तेवढ्याच प्रथिनांमागे चीजचा हरितगृह वायूंचा भार कोंबडीपेक्षा जास्त निघाला. पनीरही दूध फाडूनच होतं, किलोभर पनीरला गाईचं पाच-सहा लिटर दूध लागतं. तेव्हा या कारणाने सोडणाऱ्याला पनीर टिक्का हे उत्तर नाही. डाळ, चणे, शेंगदाणे हे आहे. मटण सोडून कोंबडीवर थांबलेला माणूसही या हिशेबात बराच पुढे जातो.

प्राण्यांसाठी सोडणाऱ्यांनाही दूध चुकत नाही. गाय-म्हैस व्याल्याशिवाय दूध नाही, आणि निम्मी वासरं नर. ट्रॅक्टर आल्यावर गोऱ्ह्याला काम उरलं नाही. महाराष्ट्रात २०१५ पासून बैल आणि वळू कापायलाही बंदी आहे, पण म्हशीच्या रेडकाला ती लागू नाही. दूध सोडा असं मी म्हणत नाही, मीही घेते. पण चहा पिता पिता मटणवाल्याला पापी ठरवू नये.

१३. कुलाचारात बोकड आहे. मी सोडलं तर देवाचं काय?

बऱ्याच घरांनी बोकडाच्या जागी नारळ किंवा कोहळा आणला आहे, तेव्हा वाट पडलेली आहे. खंडोबाला चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत आणि रोडगाच लागतो. मात्र कुलाचार भावकीचा असतो. तुम्ही प्रसाद नाकारू शकता, पण भावकीची रीत एकट्याने बदलू शकत नाही. घरातल्या थोरल्यांशी जत्रेच्या आदल्या दिवशी नाही, सहा महिने आधी बोला.

१४. बाहेर खाताना, परदेशात काय लपलेलं असतं?

जेली आणि मार्शमेलोत जिलेटिन, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढलेला पदार्थ. पार्मेजानो रेजियानो चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध फाडायचं विरजण. थाई करीत फिश सॉस. जपानी सूपमध्ये, अगदी भाज्यांच्याही, बहुधा माशाचा अर्क. वुस्टरशायर सॉसमध्ये अँकोव्ही नावाचे छोटे मासे. लाल रंगाच्या खाऊवर ई१२० दिसलं तर तो किड्यापासून काढलेला रंग. व्हिटॅमिन डी३ बऱ्याचदा मेंढीच्या लोकरीच्या चरबीपासून बनतं. यातलं किती टाळायचं ते प्रश्न २ मधल्या ओळीवर. औषधाच्या कॅप्सूलचं जिलेटिन मी स्वतः टाळत नाही.

१५. चुकून खाल्लं गेलं. आता सगळं वाया?

नाही. समोशात खिमा निघाला, थुंकलात किंवा गिळलात, पुढच्या जेवणाला परत सुरू. माळकरी असाल तर आपल्या फडातल्या जाणत्यांना विचारा, ते तुमच्यापेक्षा कमी घाबरतात.

जाणूनबुजून मोडलं तर गांधीजींची गोष्ट आठवा. १९१२ मध्ये त्यांनी दूध सोडण्याचं व्रत घेतलं. १९१८ मध्ये मरणाच्या दारात पोचले, तेव्हा कस्तुरबांनी सुचवलं की व्रत घेताना मनात गाई-म्हशीचं दूध होतं, शेळीचं कुठे होतं? त्यांनी शेळीचं दूध घेतलं, आणि शब्द पाळून व्रताचा आत्मा मोडला ही टोचणी आत्मचरित्रात लिहूनही ठेवली. पण दूध ते पीत राहिले.

१६. चार वर्षांनी परत खायची इच्छा होतेय. लोक हसतील, आणि पोट बिघडेल का?

पोटाची मांस पचवायची शक्ती जात नाही. बिघडलंच तर ते बहुधा पहिल्याच दिवशी तेलकट, तिखट आणि भरपूर खाल्ल्याने. थोड्याने सुरू करा: हळद-कोकमाचं माशाचं तिखलं, बरोबर मऊ भात.

लोक हसतील, ते सोडलं तेव्हाही हसले होते. माझ्याकडे येणाऱ्या एका बाईंनी पाच वर्षांनी परत मासे सुरू केले. घरी सांगायची लाज वाटत होती, म्हणून त्या मला बरोबर घेऊन गेल्या. सासूबाईंनी ऐकलं, उठल्या, फ्रीजरमधून बोंबील काढले आणि म्हणाल्या, ‘हे तुझ्यासाठीच ठेवत होते दर आठवड्याला. आता चिरायला तरी मदत कर.’